दस्तीखालची तीन बोटं

माझ्या थोरल्या भावानं मला फसवलं. नवऱ्यानं मारलं ते सगळ्या गल्लीला माहीत आहे, कारण तो मारायचा तेव्हा भिंतीपलीकडं ऐकू जायचं. भावानं जे केलं त्याचा आवाज झाला नाही. म्हणून लोक त्याला अजून देवमाणूस म्हणतात. मी म्हणत नाही.

आमचं माहेर घनसावंगीच्या खाली, गोदावरीच्या अंगाला. बापाला जमीन बेताची, पण नदीकाठचं गवत फुकटचं, त्यामुळं घरात कायम म्हशी. मला लहानपणापासून म्हशीतलं कळायचं. कास बघून, पाठीवरून हात फिरवून, रवंथ करताना जबडा कसा हलतो ते बघून मी सांगायचे की ही दुधाला टिकेल, ही लाथाळ निघेल, हिला पुढच्या बाजारी काढून टाका. बाप माझं ऐकायचा आणि चारचौघांत स्वतःचं म्हणून सांगायचा. लग्नात त्यानं मला एक म्हैस आंदण दिली. कोणी सोनं देतं, कोणी भांडी देतं. आमच्यात ऐपत असली तर जनावर देतात. ते मुलीचं. त्याची पुढची वीणही मुलीची. असं सगळे म्हणतात. म्हणायला काय जातं?

सासर परतूरपासून दोन कोसांवर. पोलीस अ‍ॅक्शन होऊन गेली होती, रझाकारांच्या भीतीनं पळालेली घरं परत भरत होती, आणि दुभत्या जनावराला भाव आला होता. सासऱ्याच्या दावणीला दोन थकलेले बैल होते आणि तिसरी माझी म्हैस बांधली गेली. काही वर्षांत ती दावण म्हशींनी भरली. मी वैरण वाहिली, शेण काढलं, धारा काढल्या, तूप कढवलं. मला मूल झालं नाही. सासू शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "आमच्या घरात म्हशी वितात, सून न्हाई." मी ऐकून घ्यायचे, कारण त्याच म्हशींचं दूध ती वाटी तोंडाला लावून प्यायची आणि तेवढ्यापुरती गप्प बसायची.

तूप मी परतूरला एका शेठच्या घरी घालायचे. काही पिढ्यांमागं मारवाडातून येऊन स्थायिक झालेलं घर, कापसाची आणि धान्याची आडत. शेठाणी तळहातावर तूप चोळून बघायची, नाकाशी न्यायची, आणि मग आमची जुंपायची. ती म्हणायची करपलंय, मी म्हणायचे तुमचं नाक सर्दीनं बंद आहे. भाव ठरायचा आमच्या दोघींत. पैसे मात्र शेठ बाजारच्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या हातात ठेवायचा. एकदा मी हात पुढं केला तर शेठ हसून म्हणाला, बाईच्या हातात पैसा देणं म्हणजे तिच्या घरात भांडण लावणं, आणि आम्हाला कोणाच्या घरात भांडण लावायचं नाही.

जनावराच्या बाजारात तर भावही माझा नव्हता. तिथली रीत अशी, की दलाल खांद्यावरची दस्ती विकणाऱ्याच्या हातावर पसरायचा. त्या फडक्याखाली दोघांचे हात. दलाल बोटं दाबणार, विकणारा बोटं दाबून उत्तर देणार. एक बोट, दोन बोटं, सगळा पंजा. तेच बोट दहाचं, तेच शेकड्याचं. कशाचं ते त्या दोघांनाच ठाऊक. शेजारी उभ्या असलेल्याला भाव कळू नये म्हणून ही सोय. बाईनं परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा तर सवालच नाही. म्हणजे म्हैस माझी, पारख माझी, दोन कोस चालवत आणली मी, आणि फडक्याखाली हात नवऱ्याचा. मी कासरा धरून लांब उभी. मी त्याच्या कोपराकडं बघत राहायचे. कोपर किती वेळा हललं त्यावरून भाव ओळखायचा प्रयत्न करायचे. ओळखता यायचा नाही.

नवरा दारू पिणारा नव्हता. गावात शांत माणूस म्हणून त्याचं नाव होतं, पंगतीत वाढायला त्याला पुढं करायचे. तो एकाच गोष्टीवरून मारायचा. मी भाव विचारला की. तेव्हा निजामाचा हाली रुपया आणि सरकारचा कलदार दोन्ही चालायचे. हाली हलका, कलदार जड. बाजारातून आल्यावर तो आकडा सांगायचा, आणि मला विचारावंच लागायचं, की हाली का कलदार? मग तो डोक्यावरचा पटका काढून खुंटीला लावायचा. मळू नये म्हणून. पटका खुंटीला गेला की मला पुढचं कळायचं.

विचारलं नाही तर मार नाही. हे इतकं सरळ होतं की सासूही मला शहाणपणानं सांगायची, नको ना विचारू बाई. मी काही बाजार न विचारता काढले. त्या दिवशी पाठ वाचायची आणि म्हैस जायची. नंतर हिशेब केला की पाठ फार महाग पडली असं वाटायचं, आणि पुढच्या बाजारी मी पुन्हा विचारायचे.

आता लोक म्हणतात, मग कोणाकडं गेली का नाहीस? गेले होते. आमच्या गल्लीत रोजंदारीवर जाणारी एक बाई होती. तिला नवऱ्यानं हात लावला की ती चावडीपुढं जाऊन असा आरडाओरडा करायची की चार माणसं काठ्या घेऊन उठायची. तिची रोजी तिच्या हातापायांत होती. ती कुठंही जाऊन खुरपं धरू शकत होती, हे नवऱ्यालाही ठाऊक होतं. तिचं बघून मीही गेले. पोलीस पाटील ओळखीचा. त्यानं विचारलं, "खायाला घालतो का न्हाई?"

मी म्हणाले, "मीच घालते. म्हशी माझ्या हायेत."

तो बाकीच्यांकडं बघून हसला. "मंग तक्रार कशाची करून राह्यलीस? कमावती बाई तू. तोंड जास्त चालत असंल."

दुसरा एक म्हातारा म्हणाला, की बाई, तुला जायचं असेल तर जा माहेरी, कोणी अडवलं? पण जनावर ज्याच्या दावणीला त्याचं. तेवढं एक वाक्य त्यांच्याकडं तयार होतं. मी परत आले. मला तिथं समजलं की मदत मागणं हाही सौदाच असतो, आणि समोरचा आधी बघतो की तुझ्या हातात काय आहे. माझ्या हातात जे होतं ते दुसऱ्याच्या दावणीला बांधलेलं होतं. अंगावरच्या लुगड्यानिशी माहेरी गेले असते तर भावजयीच्या चुलीपुढं जन्मभराची मोलकरीण झाले असते, तीही बिनपगारी.

एकदा तूप देताना शेठाणीनं माझ्या मानेवरचा वळ बघितला. तिनं दार लोटून घेतलं, पदर सारला आणि स्वतःचा दंड दाखवला. सोन्याच्या वाकीखाली निळं पडलं होतं. मी तिच्या कमरेच्या किल्ल्यांकडं बघत राहिले. ती म्हणाली, "ह्या बघू नको. ह्यांनी उघडतं ते सगळं दुसऱ्याचं आहे. अंगावरचं सुद्धा सण झाला की मोजून तिजोरीत जातं. तू निदान ओरडतेस. मी ओरडले तर दुकानाची पत जाईल."

मग ती व्यापारीण बोलली. आधी माल बाहेर काढायचा, मग माणसानं निघायचं. उलटं केलं तर दोन्ही जातं. ती हे माझ्या भल्यासाठी सांगत होती, का मी नांदती राहिले तर परतूरचं तूप बंद होणार नाही म्हणून सांगत होती, याचा मी तेव्हा विचार केला. अजूनही अधूनमधून करते. पण सल्ला बराबर होता.

माल बाहेर काढायला एकच वाट होती, अर्धलीची. म्हशीची लहान वगार दुसऱ्याकडं वाढवायला द्यायची. त्यानं चारापाणी करायचं, ती मोठी होऊन व्याली की किमतीचा निम्मा वाटा त्याचा, निम्मा देणाऱ्याचा. आमच्याकडं उन्हाळ्यात वैरण कडबा सोन्याच्या भावानं, आणि भावाच्या दारात नदीकाठचं गवत. नवऱ्याला मी हे अशा तऱ्हेनं सांगितलं की त्याला वाटावं कल्पना त्याचीच आहे. एकेक करून वगारी माहेरी गेल्या. नवऱ्याच्या मते निम्मा वाटा त्याला येणार होता. भावाचं आणि माझं ठरलं होतं वेगळं. मी कायमची माघारी आले की सगळी जनावरं माझी. चाऱ्याचा खर्च मी फेडीन, पण वाटा कोणाचाच नाही.

आईबाप तोवर गेले होते. भावानं देवापुढं बेलभंडार उचलून शपथ घेतली. म्हणाला, "तू ये माघारी. तुझ्या दावणीला बांधून देतो. तुझ्यामागं हाय कोण? माझी पोरंच न्हाईत का तुझी?"

त्या शेवटच्या वाक्याकडं मी तेव्हाच बघायला पाहिजे होतं. इतर वेळी मी समोरच्याच्या प्रत्येक शब्दाला दोन बाजूंनी उलटून बघते. भावाचा शब्द मी तसाच घेतला.

नागपंचमीला, दिवाळीला माहेरी जायचे तेव्हा बारीकसारीक खटकायला लागलं. भावजय माझ्या ताटात तुपाची धार थांबवायची नाही. माझ्या अंगावरच्या वळांची चौकशी कोणी करायचं नाही, पण मी परत कधी जाणार याची चौकशी सगळ्यात आधी व्हायची. एके वर्षी भाऊ म्हणाला, कपाळावर चांद असलेली वगार मेली, रोग आल्ता. मी विचारलं, कातडं कोणी नेलं? तो म्हणाला, नेलं न्हाई, नदीत सोडली. मेलेल्या म्हशीचं कातडं सोडून देणारा शेतकरी मी तोवर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी धुणं घेऊन नदीवर गेले. पलीकडच्या थडीला म्हशी डुंबत होत्या. ती वगार लहान असताना मी तिला बोलवायचे तशी हाळी दिली. एका म्हशीनं पाण्यातून मान वर केली. कपाळावर चांद. तिच्या मागं तिचं पिल्लू होतं.

घरी येऊन भावजयीला सांगितलं तर ती हसत हसत म्हणाली, "वन्सं, चांदाची म्हैस काय जगात एकच असती?"

मी तिथंच भांडायला पाहिजे होतं असं कोणालाही वाटेल. माझा स्वभाव बघता मलाही नवल वाटतं. पण भांडले असते तर तेही दार बंद झालं असतं, आणि मग नवऱ्याच्या घरातून निघून जायला उभ्या जगात जागा उरली नसती. भाऊ मला फसवतो आहे हे मला कळलं, आणि तरी मी त्याच्या पंगतीला गोड तोंडानं जेवले. जिला जागेची गरज असते ती चोरालाही दादा म्हणते.

मग तो बाजार आला. दावणीची सगळ्यात चांगली म्हैस नवऱ्यानं विकली. मी घरी येऊन विचारलं. पटका खुंटीला गेला. या वेळी त्यानं हात पिरगाळला तो सुटायच्या आत मनगटात काहीतरी करकरलं. उजवा हात, धारेचा. गावातल्या हाडवैद्यानं बांबूच्या पट्ट्या लावून बांधला आणि म्हणाला, आता मूठ पहिल्यासारखी मिटणार नाही. अजून मिटत नाही.

धार काढता येईना म्हटल्यावर सासरी माझं कामच संपलं. शेजाऱ्याच्या बैलगाडीतून मी माहेरी गेले. भावाला म्हणाले, आले माघारी, कायमची. माझी दावण दे.

भावानं मला पाटावर बसवलं. भावजयीनं आपल्या हातानं घास भरवला. आठवडाभर मला लग्नात मिळाला नव्हता एवढा मान मिळाला. दावणीचं नाव कोणी काढलं नाही. मी पुन्हा विचारलं तेव्हा भाऊ ओट्यावर बसून विडी विझवत म्हणाला, "म्हशी तुझ्याच हायेत. पर तू हितं राह्यलीस तर तुझा मालक वाटा मागायला येईल. कज्जा लावील. तू तिकडं नांदत असलीस तर कोण विचारतंय? तुझं जनावर हितं सुखरूप राह्यलं पाहिजे का न्हाई?"

मी म्हणाले, "म्हणजे मी तिकडं मार खात राहायचं, म्हणजे हितं म्हशी सुखरूप."

"वाकडं बोलू नको. मी येतो संगं. त्याला समज देतो."

तो खरंच आला. नवा सदरा घालून, खांद्यावर दस्ती टाकून. गाडी सासरच्या दारात थांबली तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बघा, भाऊ असावा तर असा. सासूनं पाणी दिलं. नवऱ्यानं घोंगडी अंथरली. दोघं पडवीत बसले. मी चुलीपुढं गेले आणि डाव्या हातानं गुळाचा चहा केला. आतून मी कान देऊन होते. भाऊ समज देणार म्हणजे आवाज चढणार. पडवीतून काहीच आवाज येईना. दोन माणसं भांडायला बसली आणि एवढी शांतता, हे मला पटेना.

चहा घेऊन बाहेर आले तर दोघांचे हात दस्तीखाली होते.

भावाच्या तोंडावर बापाचं बाजारातलं तोंड होतं: डोळे भलतीकडं, ओठ घट्ट. नवऱ्याचं कोपर हलत होतं. ते कोपर मी वर्षानुवर्षं लांबून बघत आले होते. या वेळी ते हातभरावर होतं.

मी कपबश्या खाली ठेवल्या आणि डाव्या हातानं दस्ती ओढली. भावाच्या मुठीत नवऱ्याची तीन बोटं होती.

दोघांनी हात मागं घेतले नाहीत. इतक्या पटकन सुचलं नसावं. मी विचारलं, "तीन काय, दादा?"

नवरा म्हणाला, "आत जा."

भाऊ म्हणाला, "तुझ्याच भल्याचं चाललंय. पुरुषापुरुषातलं हाय, तू नको पडू."

"म्हशींचं बोलत असाल तर म्हशी माझ्या, मला सांगा. माझं बोलत असाल तर मी हितं उभी हाय, मला सांगा. तोंडानं सांगा."

भावानं माझ्या हातातून दस्ती घेतली, तिच्यानं हात पुसला, घडी घालून खांद्यावर टाकली. चहा न घेता उठला. गाडीत बसताना सासूला म्हणाला, पोरीला सांभाळा, जरा तापट हाय. माझ्याकडं बघितलं नाही.

त्या दिवशी नवऱ्यानं मला मारलं नाही. एवढं बोलूनही पटका डोक्यावरच राहिला. तेव्हा माझी खात्री पटली की सौदा पुरा झाला आहे.

तीन म्हणजे काय, हे मी त्या दिवसापासून उलटसुलट करून बघते आहे. तीनशे? हाली का कलदार? का तीन म्हशी नवऱ्याला, बाकीच्या भावाला? का आणखी तीन वर्षं मी तिथं राहावं, मग बघू? बोट तेच असतं. कशाचं, ते दोघांनाच ठाऊक. एवढं मात्र मला समजलं की ज्याच्याकडं मी मदत मागायला गेले होते त्यानंच मला परत पोचवायचा भाव ठरवला, आणि तो भाव मला कळू नये अशा रीतीनं ठरवला.

दावणीला दूध देणारी एकच म्हैस उरली होती, माझ्या आंदणाच्या म्हशीची नात. पुढच्या बाजारी नवरा पहाटेच शेजारच्या गावी सोयऱ्याकडं गेला होता. मी म्हैस सोडली. हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात कासरा, दोन कोस परतूर.

दलालानं मला बघून मागं कोणी आहे का पाहिलं. "मालक कुठंय?"

"मीच."

त्यानं सवयीनं खांद्यावरची दस्ती काढली आणि मग तशीच धरून थांबला. "बाई, हात कोणाचा घ्यायचा?"

"हात मोडलेला हाय. तोंड शाबूत हाय. तोंडानं बोल."

आजूबाजूचे हसले. एकजण म्हणाला, काकी, आता बाजार बायकाच भरवणार वाटतं. दुसरा म्हणाला, भरवू दे, घरी तरी कुठं आपलं चालतंय. मी त्यांना हसू दिलं. हसायला माणसं जमतात, आणि मला माणसंच पाहिजे होती. जमली तशी मी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून भाव मोठ्यानं सांगितला. कास दाखवली, दात दाखवले, कितवं वेत ते सांगितलं. दलाल कावला. म्हणाला, अशानं धंदा होत न्हाई. पण भाव सगळ्यांच्या कानी पडला होता. मागून एका गवळ्यानं, जालन्याहून आला होता, थोडा कमी सांगितला. मी त्याला म्हणाले, एवढ्यात शेपूट देते, म्हैस न्हाई. त्यानं वाढवला. दुसऱ्यानं त्याच्यावर वाढवला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या म्हशीचा भाव माझ्या कानानं ऐकत होते, आणि नवरा घरी येऊन जे आकडे सांगायचा ते किती खोटे होते हेही त्याच वेळी ऐकत होते.

तेवढ्यात नवरा आला. कोणीतरी सांगितलं असणार. धापा टाकत म्हणाला, "म्हैस माझी हाय."

त्याला मारायला हात उचलता येत नव्हता. सगळा बाजार बघत होता. मी म्हणाले, "बरं. तुझीच. मंग भाव बोल. ह्या सगळ्यांदेखत बोल."

त्यानं दलालाच्या दस्तीकडं हात नेला. गर्दीतून आवाज आला, "आता तोंडानंच होऊ द्या, मालक. मजा येऊन राह्यली." आणखी दोघातिघांनी री ओढली. नवरा उभा राहिला. त्याला तोंडानं भाव करताच येत नव्हता. त्यानं कधी केलाच नव्हता. त्याची सगळी हुशारी फडक्याखालची.

बाजाराचा नियम असा, की कासरा ज्याच्या हातातून घ्यायचा, पैसे त्याच्याच हातात द्यायचे. जालन्याच्या गवळ्यानं माझ्या डाव्या हातात पैसे ठेवले आणि कासरा घेतला. मी तिथून तडक शेठाणीच्या मागच्या दारी गेले. तिनं जालन्यातल्या तिच्या माहेरच्या घराचा पत्ता सांगितला आणि म्हणाली, तिथं दुधाचा रतीब लागतो, माझं नाव सांग. मी तिला म्हणाले, तुम्हीही चला. ती म्हणाली, "माझा माल बाहेर निघालेला नाही." आणि दार लावून घेतलं. मी स्टेशनावर गेले आणि गाडीची वाट बघत फलाटावर भिंतीला पाठ लावून बसले. पाठीमागून कोणी येऊ नये म्हणून.

जालन्यात मी एका म्हशीनं सुरुवात केली. आता गोठा आहे, खवा आहे, दोन गडी आहेत. जनावर घेताना आणि विकताना मी तोंडानं बोलते. ज्याला दस्ती पसरायची असेल त्यानं दुसरं गिऱ्हाईक बघावं. पहिली काही वर्षं दलाल माझ्याकडं फिरकत नव्हते. आता येतात, शिव्या देत येतात. मार खाल्लेल्या बायका कधी कधी गोठ्याशी येऊन बसतात. मी त्यांना आधी विचारते, तुझं काय आहे, आणि ते कोणाच्या दावणीला आहे? काहींना वाटतं, ही बाई दुःखातही हिशेब विचारते. विचारते. तो न विचारता जिनं धीर दिला तिच्याकडून मला कधी पाण्यापलीकडं काही मिळालं नाही.

नवरा एकदा आला, दारात उभा राहिला, गड्यांकडं बघून निघून गेला. त्याच्याशी माझं उरलं नाही. तो चोर म्हणून चोरासारखा वागला.

मागच्या आठवड्यात भाऊ आला. केस पांढरे झालेत. खांद्यावर दस्ती तशीच. थोरल्या मुलाचं लग्न काढलंय, आत्यानं यायलाच पाहिजे, आत्याशिवाय मांडव सुना. अक्षता पाटावर ठेवल्या. गोठ्यावरून त्याची नजर फिरत होती ती मी बघत होते. म्हणाला, "किती केलंस गं एकटीनं. तुझ्यामागं हाय कोण? पोरंच की आमची."

मी विचारलं, "तीन काय होते, दादा?"

त्याला बराबर कळलं. विसरला असता तर 'कशाचे तीन' म्हणाला असता. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, "जुनं झालं आता ते. दोघंही विसरलो."

दोघं विसरले असतील. मी त्यातली तिसरी होते आणि मला कोणी सांगितलंच नाही, तर मी विसरणार काय?

अक्षता मी परत केल्या नाहीत. दादा, मी लग्नाला येणार आहे. नदीकाठच्या त्या दावणीला ज्या म्हशी उभ्या असतील त्यांच्या कपाळांकडं मी आधी बघणार आहे, मग मांडवात येणार आहे. तिथं सगळी भावकी असेल, व्याही असतील, तुला देवमाणूस म्हणणारे असतील. दादा, त्या सगळ्यांसमोर मी तुला पुन्हा विचारणार आहे. दस्ती खांद्यावरच राहू दे. मला परत पाठवायचे तू किती ठरवलेस, आणि ते कोणी कोणाला दिले, ते तोंडानं सांग.